ओठांना लागणारा झटका आणि विकायला काढलेला ॲम्प

पत्राचा आशय असा : नाशिकचे एक वाचक, वय ४४, पतसंस्थेत नोकरीला आहेत आणि अनेक वर्षांपासून एका सहा जणांच्या वाद्यवृंदात बेस गिटार वाजवतात. गणेशोत्सव, नवरात्र, लग्नातील संगीत, सेवानिवृत्तीचे सत्कार अशा सुपाऱ्या ते घेतात. घरात तीन बेस आहेत. एक मामांनी घेऊन दिलेला भारतीय बनावटीचा, दुसरा जुन्यातून घेतलेला जपानी बनावटीचा चार तारांचा आणि तिसरा काही वर्षांपूर्वी हप्त्यांवर घेतलेला पाच तारांचा ॲक्टिव्ह, म्हणजे आत बॅटरीवर चालणारे सर्किट असलेला, बेस. शिवाय पंधरा इंची स्पीकरचा, तीस किलोंहून जड ॲम्प (ॲम्प्लिफायर) आहे आणि इमारतीला लिफ्ट नसल्याने तो प्रत्येक कार्यक्रमाला तिसऱ्या मजल्यावरून उतरवावा लागतो. मुलगी अकरावीला गेली असून तिला अभ्यासाला खोली हवी आहे; पत्नीचे म्हणणे आहे की वाजवायला दोनच हात असताना वाद्ये तीन कशाला. गेल्या वर्षी ॲम्पमधून सतत घूं असा आवाज येत असे, तो एका सहकाऱ्याने प्लगची अर्थची पिन कापल्यावर थांबला. अलीकडे माइकवर कोरस गाताना ओठांना मुंग्या येतात आणि एका मांडवात तर जोराचा झटका बसला. ॲम्प जुना झाला असे ठरवून त्यांनी तो परिसरातील एका अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याला विकण्याचे नक्की केले आहे, आणि झटक्याबद्दल त्याला सांगावे की नाही, असे ते विचारतात. सर्वाधिक पैसे जपानी बेसचे येतील म्हणून तोही विकावा का? त्यासाठी ऑनलाइन भेटलेले एक ग्राहक आपण लष्करात असल्याचे सांगतात आणि आगाऊ रक्कम देण्यासाठी क्यूआर कोड पाठवतात. शेवटचा प्रश्न असा की स्वतःचा ॲम्प नसलेल्या बेसवादकाला कुणी व्यावसायिक मानील का?

सप्रेम नमस्कार.

तुम्ही झटक्याचा उल्लेख ॲम्प विकण्याच्या कारणांपैकी एक म्हणून, वजन आणि जिने यांच्यानंतर केला आहे. उत्तराचा क्रम मात्र उलटा लावावा लागेल. कोणता बेस विकावा हा प्रश्न दिवाळीपर्यंत थांबला तरी कुणाचे काही बिघडत नाही. अर्थची पिन नसलेला ॲम्प घेऊन कार्यक्रमाला उभे राहणे मात्र आजपासून बंद करायला हवे, आणि तोच ॲम्प त्याच अवस्थेत दुसऱ्याच्या हाती देणेही. पिन कापल्यावर आवाज थांबला आणि मुंग्याही त्यानंतरच सुरू झाल्या, हे तुम्हीच लिहिले आहे, परंतु दोन वेगवेगळ्या परिच्छेदांत; त्या दोन घटनांचा एकमेकींशी संबंध असेल हे तुमच्या मनात आलेले दिसत नाही.

तो संबंध असा आहे. बेसच्या धातूच्या तारा धडावरच्या धातूच्या घोडीला, म्हणजे ब्रिजला टेकतात, ब्रिजपासून एक बारीक वायर लाकडाच्या आतून केबल लावण्याच्या जॅकपर्यंत जाते, तिथून केबलच्या जाळीदार आवरणातून ती ॲम्पच्या लोखंडी सांगाड्याला मिळते आणि सांगाडा प्लगच्या जाड पिनेतून जमिनीला. म्हणजे तारांवर बोटे असतात तोवर वादक स्वतः ॲम्पच्या अर्थिंगला जोडलेला असतो, आणि हे सदोष नसून मुद्दाम केलेले असते, कारण त्यामुळेच तारांचे कंपन टिपणाऱ्या पिकअपमधली गुणगुण कमी होते. दुसऱ्या बाजूला माइकची जाळी तशाच मार्गाने ध्वनियंत्रणेच्या मिक्सरच्या सांगाड्याला आणि मिक्सरच्या अर्थला जोडलेली असते. दोन्ही सांगाडे एकाच चांगल्या अर्थिंगवर असतील, तर हात आणि ओठ यांच्यातील विद्युतदाब जवळजवळ शून्य राहतो. त्यांपैकी एकाचे अर्थिंग तुटले, की दोन सांगाड्यांना जोडणारी वाट तुमच्या बोटांपासून छातीमार्गे ओठांपर्यंत जाते.

पिन कापलेला ॲम्प आतून पूर्णपणे ठीक असला, तरी त्याच्या ट्रान्सफॉर्मरमधून किंवा फिल्टरमधून किंचित गळती होतच असते. अर्थ असेल तर ती गळती मुकाट्याने जमिनीत जाते. अर्थ नसेल तर सांगाड्यावर शंभरएक व्होल्टांचा दाब दिसू लागतो, परंतु त्यामागचा प्रवाह इतका क्षीण असतो की फक्त मुंग्या येतात. याउलट आतील एखाद्या वायरचे आवरण झिजून फेज सांगाड्याला टेकली, तर सांगाडा पूर्ण २३० व्होल्टांवर जातो आणि त्या प्रवाहाला आवर घालणारे काहीही उरत नाही. साधारण एक मिलिॲम्पिअर प्रवाह माणसाला जाणवतो, दहाच्या आसपास स्नायू आखडून हातातली वस्तू सोडता येईनाशी होते, आणि तिसाच्या पुढचा प्रवाह छातीतून काही क्षण वाहिला तर हृदयाची लय बिघडू शकते. मांडवातला सहा ॲम्पिअरचा एमसीबी, म्हणजे प्रवाह फार वाढला की आपोआप पडणारे बटण, या प्रवाहाच्या दोनशेपटीनंतर जागा होतो, त्यामुळे ‘शॉर्ट झाले असते तर बटण पडलेच असते’ हा मांडवांत नेहमी ऐकू येणारा युक्तिवाद चुकीचा आहे. मे १९७२ मध्ये वेल्समधील स्वानझी येथे स्टोन द क्रोज या बँडचा गिटारवादक लेस हार्वे मंचावर माइकला हात लागताच विजेच्या धक्क्याने मरण पावला, तो याच प्रकारच्या दोषामुळे. तुमच्या ओठांना आलेल्या मुंग्या वरच्या दोन प्रकारांपैकी कोणत्या, हे नुसत्या अनुभवावरून कुणालाही सांगता येणार नाही.

म्हणूनच ‘ॲम्प जुना झाला’ हे तुमचे निदान मला घाईचे वाटते. दोष ॲम्पमध्ये असेल, केवळ कापलेल्या पिनेत असेल, किंवा मिक्सरच्या बाजूच्या अर्थिंगमध्येही असेल; तिसऱ्या शक्यतेत तुम्ही उद्या कोरा करकरीत ॲम्प घेऊन उभे राहिलात, तरी झटका बसेलच, कारण तेव्हा ॲम्पचे उत्तम अर्थिंगच माइकमधल्या विजेला तुमच्या शरीरातून वाट करून देईल. तेव्हा ॲम्प आधी ध्वनियंत्रणेची दुरुस्ती करणाऱ्या जाणकार कारागिराकडे न्या. नवी तीन पिनांची कॉर्ड, अर्थच्या पिनेपासून सांगाड्यापर्यंतची जोडणी आणि मेगर या मीटरने इन्सुलेशनची (वायरांच्या आवरणांची) तपासणी, एवढी तीन कामे त्याला स्पष्ट शब्दांत सांगा. खर्च फार येत नाही. स्वतः झाकण उघडण्याचा मोह टाळा, कारण प्लग काढल्यावरही आतील कपॅसिटर काही काळ भारित राहतात, आणि व्हॉल्व्हच्या जुन्या ॲम्पमध्ये तर तो दाब चारशे व्होल्टांच्या वर असू शकतो.

मग घूं आवाजाचे काय, असे तुम्ही विचाराल. तो बहुधा ग्राउंड लूपचा होता. ॲम्पचा सिग्नल मिक्सरला दिला, की त्या दोघांच्या सांगाड्यांना जोडणाऱ्या वाटा दोन होतात, एक विजेच्या अर्थमधून आणि दुसरी सिग्नलच्या केबलमधून; या वळशात ५० हर्ट्झची वीज आणि तिच्या पटी शिरकाव करतात. वळसा तोडायचाच असतो, पण तो सिग्नलच्या बाजूने. त्यासाठी ॲम्प आणि मिक्सर यांच्यामध्ये डीआय बॉक्स, म्हणजे वाद्याचा सिग्नल मिक्सरला साजेसा करून देणारी छोटी पेटी, लावावा आणि त्यावरील ‘ग्राउंड लिफ्ट’ची कळ दाबावी. तुमच्या सहकाऱ्याने नेमकी हीच गोष्ट विजेच्या बाजूने केली, जिथे ती कधीही करायची नसते. डीआय बॉक्स तळहाताएवढा असतो आणि माझ्या मते बेसवादकाने दुसऱ्या बेसच्या आधी घ्यायची ती वस्तू आहे.

आता मांडवाकडे वळू, कारण नाशिकसारख्या शहरात तुमचे निम्मे कार्यक्रम तिथेच होत असणार. मंचावर गणपतीची किंवा सरस्वतीची प्रतिमा असते, म्हणून वादक पादत्राणे काढून चढतात. नुकताच नारळ फुटलेला असतो, सतरंजी ओलसर असते, आणि खाली लोखंडी सांगाड्याचा मंच पावसाने भिजलेल्या मैदानावर उभा असतो. श्रद्धेच्या बाबतीत वाद घालण्याचे कारण नाही. रबराची एक जाड चटई बरोबर ठेवा आणि अनवाणीच, परंतु त्या चटईवर उभे राहा. तिने माइक आणि तारा यांच्यातला धोका जात नाही, पण पायातून जमिनीकडे जाणारी वाट तरी बंद होते. माइकवर स्पंजची टोपी घालणे हा जुना उपाय ओठांपुरता बरा असला, तरी गाता गाता माइक हाताने जवळ ओढला की तो संपतो. याहून खरा फरक पडतो तो बेसला वायरलेस ट्रान्समीटर लावल्याने, कारण मग तारा आणि ॲम्प यांच्यात धातूची जोडणीच राहत नाही. तरीही सदोष माइक सदोषच राहतो आणि तुमच्यानंतर तो हातात घेणारी गायिका वायरलेसवर नसते.

विजेचा उगम विचारायला संकोचू नका. महावितरण सार्वजनिक मंडळांना तात्पुरती अधिकृत जोडणी देते आणि दर वर्षी तिचा वापर करण्याचे आवाहनही करते; तरी काही ठिकाणी रस्त्याच्या दिव्यावर आकडा टाकलेला आढळतो आणि तिथे अर्थिंग नावाची गोष्टच नसते. अशा ठिकाणी वाजवू नये, हे माझे मत ठाम आहे. जनरेटर असेल तर दोन गोष्टी पाहाव्या लागतात : जमिनीत अर्थचा दांडा ठोकलेला आहे का, आणि जनरेटरचा न्यूट्रल त्या अर्थशी जोडलेला आहे का. पुष्कळ लहान जनरेटरांचा न्यूट्रल मोकळाच असतो, आणि तसा तो असताना आरसीसीबी, म्हणजे विजेची गळती होताच पुरवठा तोडणारे बटण, ज्याला बरेच दुकानदार अजूनही ईएलसीबी म्हणतात, तो बसवलेला असूनही वेळेवर पडेलच याची खात्री राहत नाही.

हा ३० मिलिॲम्पिअरचा आरसीसीबी माणसाचा जीव वाचवण्यासाठीच असतो, आणि तो बसवलेला एक मजबूत बोर्ड वाद्यवृंदाने सामाईक पैशांतून बनवून घ्यावा असे मी सुचवेन. त्यात एक बारकावा आहे, जो ध्वनियंत्रणेच्या कामातील अनुभवी माणसांच्याही लक्षात कधी कधी राहत नाही. आरसीसीबी फेजमधून गेलेला आणि न्यूट्रलमधून परतलेला प्रवाह यांची तुलना करतो; अर्थच्या वायरमधून काय वाहते याची त्याला कल्पना नसते. म्हणून तुमचा ॲम्प तुमच्या सुरक्षित बोर्डावर आणि मिक्सर साउंडवाल्याच्या साध्या बोर्डावर असेल, तर मिक्सरमधील दोषाची वीज माइकमधून तुमच्या शरीरात आणि तिथून तुमच्या ॲम्पच्या अर्थमध्ये जाईल, आणि तुमचा आरसीसीबी स्वस्थ बसून राहील. यावर उपाय एकच, की मंचावरची वाद्ये आणि मिक्सर एकाच आरसीसीबीखालून, एकाच फेजवर घ्यावेत. वेगवेगळ्या फेजवर घेतल्यास दोष निर्माण झाल्यावर दोन उपकरणांमधील दाब २३० नव्हे, तर सुमारे ४०० व्होल्टांपर्यंत जाऊ शकतो. कार्यक्रमापूर्वी आरसीसीबीवरील चाचणीचे बटण दाबून तो पडतो का, हेही पाहावे.

त्याखेरीज एक तपासणी तुम्ही स्वतः करू शकता. बेस ॲम्पला जोडून स्टँडवर ठेवा, गळ्यात अडकवू नका. सर्व उपकरणे चालू करा, मल्टिमीटर एसी व्होल्टवर लावा, त्याच्या टोकांचा प्लॅस्टिकचा भागच धरा आणि एक टोक माइकच्या जाळीला, दुसरे बेसच्या ब्रिजला लावा. एकदोन व्होल्ट दिसले तर हरकत नाही. दहावीस किंवा त्याहून अधिक दिसले, तर कारण सापडेपर्यंत कुणीही माइकला स्पर्श करू नये, मग समोर प्रमुख पाहुणे ताटकळत असोत वा नसोत. खिशातला निऑनचा टेस्टर या कामी अपुरा आहे : तो पेटला तर धोका नक्की समजावा, पण न पेटल्याने धोका नाही असे सिद्ध होत नाही, कारण कमी दाबाला तो पेटत नाही आणि दिवसाच्या उजेडात पेटलेला दिसतही नाही.

आता विद्यार्थ्याला सांगावे की नाही. सांगावेच लागेल, आणि त्यात व्यवहाराचेही हित आहे. तुमच्या मनात असे गृहीत आहे की दोष सांगितला की किंमत पडते. प्रत्यक्षात किंमत पडते ती कापलेली पिन पाहिल्यावर मनात येणाऱ्या शंकेने. दुरुस्तीची पावती, नवी कॉर्ड आणि ‘अमुक तारखेला तपासून घेतला’ हे वाक्य जोडून विकलेला ॲम्प गुपचूप विकलेल्या ॲम्पपेक्षा फार स्वस्त जाण्याचे कारण नाही. शिवाय माहीत असलेला दोष झाकण्यासाठी काही करणे, उदाहरणार्थ प्लगवर टेप गुंडाळून देणे, हे भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम १७ मधील फसवणुकीच्या व्याख्येत बसू शकते. तपासणीत ॲम्प नापास झाला आणि दुरुस्ती परवडणारी नसेल, तर तो चालू ॲम्प म्हणून विकूच नका. आतला स्पीकर, लाकडी खोका आणि चाके यांचे वेगळे पैसे येतात. विकत घेणारा मुलगा महाविद्यालयात बँड काढणार आहे, म्हणजे ज्यांना अर्थिंग कशाशी खातात हे ठाऊक नाही अशा चारपाच जणांच्या हाती तो जाणार. त्याच्यासमोर ॲम्प वाजवून दाखवताना मीटरची वर सांगितलेली तपासणीही करून दाखवा. अभियांत्रिकीचा विद्यार्थी आहे, त्याला रस वाटेल.

बेसच्या बाबतीत मला तुमचे गणित पटत नाही. जपानी बेसचे सर्वांत जास्त पैसे येतील म्हणून तोच विकावा, हा विचार वाद्याला ठेवीसारखा मानतो, पण ठेव कोणती आधी मोडायची हे पतसंस्थेत बसून तुम्ही रोजच इतरांना सांगत असाल. चांगल्या जुन्या वाद्याची किंमत जी उतरायची ती उतरून स्थिरावलेली असते. हप्त्यांवर घेतलेल्या नव्या वाद्याची किंमत ते दुकानाबाहेर पडताच घसरते आणि पुढेही उतरत राहते. शिवाय जपानी बेस गेल्यावर तसा पुन्हा घ्यायचा म्हटले, तर तो मिळेलच असे नाही. तेव्हा एक बेस विकायचाच, तर पाच तारांचा विका. गेल्या वर्षभरातील कार्यक्रमांची वही काढा आणि प्रत्येक नोंदीसमोर कोणता बेस नेला होता ते लिहा. पाच तारांच्या बेसची खालची बी तार सुमारे ३१ हर्ट्झवर बोलते, चार तारांच्या बेसची ई तार ४१ वर. मांडवातले पुष्कळसे स्पीकर ४० च्या खाली काही ऐकवतच नाहीत, तेव्हा त्या पाचव्या तारेचे सुख बहुधा तुम्हाला एकट्यालाच मिळत असणार. अर्थात तुमच्या यादीतली बरीच गाणी खालच्या डी किंवा सी स्वरात असतील आणि तो बेस दर कार्यक्रमाला जात असेल, तर माझा सल्ला बदलेल. पत्रावरून तरी तसे वाटत नाही.

मामांनी दिलेल्या बेसला बाजारात जवळजवळ किंमत नाही, म्हणून त्याला विकण्याच्या यादीत घेण्यात अर्थही नाही. पण तो भिंतीवर टांगण्यापेक्षा राखीव वाद्य म्हणून तयार करता येईल का, ते पाहा. बेसची तार क्वचितच तुटते. ऐन वेळी दगा देतात ते जॅक, सोल्डर आणि ॲक्टिव्ह बेसची नऊ व्होल्टांची बॅटरी, आणि अशा वेळी हाताशी दुसरा बेस असावाच लागतो. पत्नीच्या ‘दोनच हात’ या मुद्द्याला हे प्रामाणिक उत्तर आहे : वाद्ये दोन हवीत, तीन नकोत. जुन्या बेसची मान सरळ आहे का ते असे पाहावे : जाड तार पहिल्या आणि शेवटच्या पट्टीवर एकाच वेळी दाबून धरली, की सातव्या-आठव्या पट्टीपाशी तार आणि पट्टी यांच्यात व्हिजिटिंग कार्ड जेमतेम सरकेल एवढी फट राहायला हवी. चार तारांचा एकत्रित ताण सत्तर-ऐंशी किलोंच्या घरात असतो, त्यामुळे वर्षानुवर्षे पडून राहिलेली मान थोडी वाकलेली असेल तर नवल नाही, आणि मानेच्या आतला ट्रस रॉड, म्हणजे ताण सांभाळणारी धातूची सळई, फिरवून ती बहुतेक वेळा सुधारते. मान पिळवटलेली निघाली, तर मात्र तो बेस आठवण म्हणून ठेवा आणि पाच तारांचा राखीव म्हणून राहू द्या.

विक्रीच्या किमतीसाठी जाहिरातींतील मागणीच्या आकड्यांवर विसंबू नका. मागितलेली किंमत आणि मिळालेली किंमत यांत बरेच अंतर असते. ओळखीच्या दोनतीन वादकांना आणि वाद्ये दुरुस्त करणाऱ्याला विचारून चालता भाव कळतो. छायाचित्रांत अनुक्रमांक, पट्ट्यांची झीज, मान आणि धड यांचा सांधा आणि जे काही ओरखडे असतील ते सगळे दाखवा, आणि प्रत्येक पट्टीवरचा स्वर वाजवलेली एक छोटी चित्रफीत ठेवा. हे केल्यावर फुकट फोन करणारे कमी होतात.

लष्करातील म्हणवणाऱ्या त्या ग्राहकाशी बोलणे आजच थांबवा. पैसे स्वीकारण्यासाठी कोणताही कोड स्कॅन करावा लागत नाही आणि यूपीआय पिनही टाकावा लागत नाही. या दोन्ही क्रिया फक्त पैसे देण्याच्या आहेत. गणवेशातील छायाचित्र, बदलीची घाई, वाद्य न पाहताच मान्य केलेली पूर्ण किंमत, हा साचा जुन्या वस्तूंच्या व्यवहारांत इतका घासून गुळगुळीत झाला आहे की तो ओळखायला हरकत नसावी. पैसे गेलेच असतील, तर १९३० या सायबर मदत क्रमांकावर ताबडतोब कळवा, कारण तिथे पहिल्या काही तासांना मोल असते. खऱ्या ग्राहकाला तालमीच्या जागी बोलवा, त्याला अर्धा तास निवांत वाजवू द्या, आणि रक्कम खात्यात जमा झाल्याचे आपल्या बँकेच्या ॲपमध्ये पाहिल्यावरच वाद्य हाती द्या. त्याने दाखवलेला स्क्रीनशॉट हा पुरावा नव्हे. अनुक्रमांक, तारीख, रक्कम आणि दोघांच्या सह्या असलेली साधी पावती दोन्ही बाजूंना उपयोगी पडते.

राहिला ॲम्प ठेवण्याचा प्रश्न. स्वतःचा मोठा ॲम्प ही बेसवादकाची ओळख ठरली, त्यामागे एक कारण होते. पूर्वी सभागृहाच्या ध्वनिक्षेपकातून मुख्यतः गाणाऱ्यांचा आवाज जाई आणि बेस मागच्या रांगेपर्यंत पोहोचवण्याची जबाबदारी ॲम्पवरच असे. १९६९ मध्ये अँपेग कंपनीने काढलेला ३०० वॉटचा एसव्हीटी आणि त्याच्या जोडीचा दहा-दहा इंचांच्या आठ स्पीकरांचा माणसाएवढ्या वजनाचा खोका हे त्याच गरजेतून आले. आज तुमचा बेस डीआयमधून मिक्सरला आणि तिथून मांडवाच्या स्पीकरांत जातो. ॲम्प उरतो तो फक्त तुम्हाला स्वतःला ऐकू यावे यासाठी, आणि तेवढ्यासाठी तीस किलो तिसऱ्या मजल्यावरून उतरवणे मला अनाठायी वाटते. मोठ्या कार्यक्रमांना साउंडवाल्याकडून बेस ॲम्प भाड्याने घ्यावा आणि ते भाडे सुपारीच्या रकमेत आधीच धरावे. लहान कार्यक्रमांना कानातला मॉनिटर किंवा दोनतीन किलोंचा क्लास-डी प्रकारचा हेड, म्हणजे स्पीकरविना नुसता ॲम्प, आणि स्पीकरचा एक हलका खोका पुरतो. असा संच घेतलात, तर हेडच्या मागे लिहिलेला किमान ओहमचा आकडा पाहा : आठ ओहमचे दोन खोके समांतर जोडले की चार ओहम होतात, आणि ही बेरीज हेडवरच्या आकड्याखाली जाऊ नये, आणि हेडपासून खोक्यापर्यंत गिटारची नव्हे तर स्पीकरचीच केबल वापरावी. मी तुमच्या जागी असते, तर दुरुस्त केलेला ॲम्प विकून त्या पैशांतून आधी डीआय बॉक्स आणि आरसीसीबीचा बोर्ड घेतला असता, आणि हेडचा विचार पुढच्या हंगामासाठी ठेवला असता. व्यावसायिक म्हणून तुम्हाला कोण मानते याचा ॲम्पशी काही संबंध उरलेला नाही.

मुलीच्या खोलीतून बाहेर काढलेली वाद्ये दिवाणाच्या पेटीत टाकू नका, निदान पावसाळ्यात तरी नाही. कोंदट जागेत तारा आणि पिकअपचे स्क्रू गंजतात. बैठकीच्या आतल्या भिंतीवर, ऊन न लागणाऱ्या ठिकाणी दोन हुक पुरेसे आहेत. ॲक्टिव्ह बेसची केबल काढून ठेवावी, नाहीतर बॅटरी आपोआप संपते. आणि ड्रमच्या झांजांशेजारी उभे राहणाऱ्या तुम्हा मंडळींनी कानांत संगीतासाठीचे इअरप्लग घालावेत, कारण १०० डेसिबलला कान सुरक्षितपणे सोसतात तो काळ जेमतेम पंधरा मिनिटांचा मानला जातो.

सुपारी घेताना आयोजकाला पाठवण्यासाठी एक मजकूर देत आहे. इतर वाचकांनीही तो आपल्या गरजेनुसार बदलून घ्यावा. ‘वाद्ये आणि मिक्सर यांच्यासाठी एकाच फेजवरून, एकाच बोर्डातून, तीन पिनांची व चालू अर्थिंगची जोडणी हवी. त्या बोर्डावर ३० मिलिॲम्पिअरचा आरसीसीबी असावा. नसल्यास आमचा बोर्ड लावू द्यावा. वीज अधिकृत जोडणीची असावी. जनरेटर असल्यास अर्थचा दांडा ठोकलेला आणि न्यूट्रल अर्थशी जोडलेला असावा. मंचावर छप्पर असावे. कार्यक्रमापूर्वी एक तास मंच मोकळा मिळावा आणि त्या वेळी वायरमन उपस्थित असावा. पाऊस मंचावर आल्यास वादन थांबवण्याचा अधिकार वादकांचा राहील.’ हा मजकूर आगाऊ रक्कम स्वीकारण्यापूर्वी पाठवा. नंतर पाठवलेली अट आयोजकाला कटकट वाटते. आधी पाठवलेली अट तो वायरमनकडे पुढे ढकलतो, आणि आपल्याला तेवढेच हवे असते.